एकशे त्र्याहत्तर टक्के सहभाग

माझी चूक एवढीच झाली, की स्टाफ मीटिंगमध्ये मी प्रश्न विचारला. सव्वीस वर्षं नोकरी झालेल्या माणसाला एवढं कळायला हवं होतं. मीटिंगमध्ये मान हलवायची असते, चहा आला की कप उचलायचा असतो आणि कोणी आपल्याकडे पाहिलं तर वहीत काहीतरी लिहायचं असतं. पण त्या दिवशी चहा उशिरा आला.

प्राचार्य डॉ. नवीन खाचणे सांगत होते, "मागच्या तपासणी समितीने शेरा मारलाय. 'प्रथम वर्षाच्या विद्यार्थ्यांचा सहभाग आढळून आला नाही.' ऑक्टोबरात समिती परत येतेय. यंदा सहभाग आढळला पाहिजे."

"सर, पण सहभाग म्हणजे नेमकं काय?" मी म्हणालो.

बाकीच्या एकोणतीस प्राध्यापकांनी माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं, त्या नजरेने लोक मोटारसायकलवरून पडलेल्या माणसाकडे पाहतात. दुसऱ्या दिवशी माझ्या टेबलावर पत्र होतं : 'प्रथम वर्ष विद्यार्थी सहभाग मूल्यमापन व संवर्धन समिती. संयोजक : प्रा. पितांबर झोपे. सदस्य : यथावकाश.'

झोपे हे आमच्या जळगावकडचं चांगलं वजनदार आडनाव आहे. त्यावर जेवढे विनोद शक्य आहेत तेवढे विद्यार्थ्यांनी करून झालेले आहेत, तेव्हा वाचकांनी तसदी घेऊ नये. शिवाय मी वर्गात कधीही झोपलेलो नाही. मी दुपारी जेवून घरी झोपतो. त्यासाठीच अकरा वर्षांपूर्वी प्रथम वर्षाचा अर्थशास्त्राचा तास मी सकाळी सात वीसला मागून घेतला होता. साडेअकराला घरी, बाराला ताट, साडेबाराला पंखा. ज्ञानदानाला प्रसन्न सकाळच बरी, असं मी त्या वेळी अर्जात लिहिलं होतं.

पत्र घेऊन घरी आलो. माझी बायको चारुलता जिल्हा परिषदेच्या शाळेत तिसरीला शिकवते. तिने पत्र वाचलं आणि मटार सोलत म्हणाली, "आमच्याकडे पोरगं तीन दिवस आलं नाही, तर आम्ही त्याच्या घरी जातो."

"हे उच्च शिक्षण आहे," मी म्हणालो. "इथे घरी जात नाहीत. इथे प्रश्नावली करतात."

शेजारचे मगनभाऊ तेवढ्यात पेपर परत करायला आले. मगनभाऊ एसटीत कंडक्टर होते. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली, पण अजून कुठल्याही खोलीत शिरले की आधी माणसं मोजतात. ते म्हणाले, "सोपं आहे सर. दोन ठिकाणी मोजा. चढताना मोजा, उतरताना मोजा. मधे जेवढे कमी झाले, तेवढे तुमच्या शिकवण्यामुळे."

अशा माणसांशी वाद घालू नये.

मी पंधरा दिवस खपून चौसष्ट प्रश्नांची प्रश्नावली तयार केली. 'महाविद्यालयाप्रती आपली भावनिक बांधिलकी एक ते पाच या श्रेणीत दर्शवा' असा तिचा पहिलाच प्रश्न होता, यावरून पुढच्या त्रेसष्टांची कल्पना यावी. एकशे ऐंशी प्रती काढून मी सोमवारी सात वीसला वर्गात गेलो. पटावर एकशे ऐंशी. समोर नऊ. त्यातला एक जण दुसऱ्या वर्षाचा निघाला, त्याला वर्ग बदलल्याचं कळलं नव्हतं. साडेसातला मी नेहमीप्रमाणे आतून दाराची कडी लावली. शिस्त म्हणजे शिस्त. मागून येणाऱ्यांमुळे माझी तंद्री मोडते, म्हणजे विषयाची.

उरलेल्या एकशे बहात्तर प्रती घेऊन मी ऑफिसात गेलो. हेडक्लार्क अभिमन नानांनी एकोणतीस वर्षांत चार प्राचार्य आणि तीन तपासणी समित्या पचवल्या आहेत. ते म्हणाले, "सर, मागच्या वेळचे भरलेले फॉर्म कपाटात आहेत. तारीख बदलू. शिक्का माझ्याकडे आहे."

"नाना, हे संशोधन आहे," मी बाणेदारपणे म्हणालो.

"बरं. मग अडचण आहे," नाना म्हणाले.

शेवटी प्रश्नावली मोबाइलवर टाकली आणि तिची लिंक विद्यार्थ्यांच्या ग्रुपवर पाठवली. दोन दिवसांत चार उत्तरं आली. तिसऱ्या दिवशी मी हताश होऊन ती लिंक मगनभाऊंना दाखवली, नुसती दाखवली. त्यांनी ती स्वतःच्या फोनवर घेतली आणि 'झोपे सरांचं काम आहे, चांगलं काम आहे, सर्वांनी भरा' असं वर लिहून आमच्या कॉलनीच्या, निवृत्त कंडक्टरांच्या आणि मुक्ताईनगरच्या सासुरवाडीच्या ग्रुपवर सोडून दिली.

आठवड्याने निकाल काढला. एकशे ऐंशी विद्यार्थ्यांपैकी तीनशे बारा जणांनी प्रतिसाद दिला होता. प्रथम वर्षाच्या विद्यार्थ्याचं सरासरी वय त्रेपन्न निघालं. त्यातले एक्क्याऐंशी टक्के विवाहित होते आणि बहुतेकांना गुडघ्याचा त्रास होता. 'महाविद्यालयाकडून आपली अपेक्षा काय?' या प्रश्नाला 'कॉलनीतला पथदिवा सुरू करा' असं उत्तर तेवीस जणांनी दिलं होतं. भावनिक बांधिलकी मात्र सर्वांची पाचपैकी पाच होती.

हे सगळं रद्द करावं, असं सांगायला मी प्राचार्यांकडे गेलो. त्यांनी फक्त पहिलं पान वाचलं.

"एकशे ऐंशीपैकी तीनशे बारा! म्हणजे एकशे त्र्याहत्तर टक्के!"

"सर, तेच सांगतोय. हे शक्यच नाही."

"आजवर कोणाला शक्य झालं नव्हतं, असं म्हणा!"

दुसऱ्या दिवशी गेटवर बारा फुटांचा फ्लेक्स लागला. 'प्रथम वर्ष सहभाग १७३ टक्के! संयोजक प्रा. झोपे यांचे हार्दिक अभिनंदन!' फोटो माझ्या लग्नातला होता. तो त्यांना कोणी दिला, ते चारुलताने आजवर कबूल केलेलं नाही.

एवढ्या टक्क्यांचा माणूस जळगावात ठेवून चालणार नव्हतं. धुळ्याच्या एका महाविद्यालयात याच विषयावर एक दिवसाची कार्यशाळा होती. तिथे माझी रवानगी झाली. पाच जिल्ह्यांतले साठ प्राध्यापक आले होते. तज्ज्ञ बाहेरून आले होते. 'विद्यार्थ्यांना बोलतं करा' या विषयावर ते सलग अडीच तास बोलले. चहा देणारा पुना नावाचा शिपाई माझ्याजवळ वाकून हळूच म्हणाला, "सर, चहा कोणले देऊ? बठ्ठा झोपेल शेतस."

आडनावामुळे मी दचकलो. पण तो झोपी गेलेल्या बाकी सगळ्यांबद्दल बोलत होता.

जेवणात भरीत आणि कळण्याची भाकरी होती. त्यानंतर तज्ज्ञांनी सगळ्यांना कोरे कागद वाटले. "आता एक छोटीशी कृती. आपल्या प्रथम वर्षाच्या दहा विद्यार्थ्यांची नावं लिहा."

साठ प्राध्यापक कागदाकडे पाहत बसले. पाच मिनिटं गेली. माझ्या शेजारच्या गृहस्थांनी दोन नावं लिहिली, ती त्यांच्या स्वतःच्या मुलांची होती. मी आठवायचा प्रयत्न केला. मला हजेरीचे क्रमांक आठवत होते. सतरा, बेचाळीस, एकशे नऊ. चेहरे तर येतच नव्हते. तीन महिने शिकवतोय मी या मुलांना.

"कोणी एक तरी नाव सांगा," तज्ज्ञ म्हणाले आणि त्यांची नजर नेमकी माझ्यावर थांबली. फ्लेक्सची कीर्ती धुळ्यापर्यंत पोहोचली होती.

"पुनम," मी म्हणालो. आमच्या भागात कुठल्याही वर्गात एक पुनम असतेच.

"वा! तिच्याबद्दल काही सांगा."

मग मी बोललो. अर्थशास्त्राचा माणूस, गृहीतकांवर जगणारा. पुनम खेड्यातून बसने येते. आधी गप्प असायची. मग मी तिच्याशी बोललो, तिला गटाची जबाबदारी दिली, आता ती इतरांना शिकवते. बोलता बोलता मलाही ती आवडायला लागली. टाळ्या पडल्या. झोपलेलेही उठून टाळ्या वाजवायला लागले. तज्ज्ञांनी फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं : 'पुनम मॉडेल'.

मी जळगावला पोहोचेपर्यंत कार्यशाळेचा अहवाल प्राचार्यांच्या फोनवर पोहोचला होता. खाचणे सरांचा आवाज सद्गदित होता. "झोपे सर, तपासणी समितीच्या अध्यक्ष बाईंना कळवलंय मी. त्या पुनमला भेटणार आहेत."

"कोणत्या पुनमला?" मी म्हणालो.

प्राचार्य हसले. त्यांना वाटलं, मी विनम्र आहे.

सकाळी मी पट काढला. पटावर दोन पुनम होत्या. एक दाखला काढून नाशिकला गेलेली. दुसरी पुनम सुकदेव कोल्हे, असोदा, हजेरी क्रमांक एकशे नऊ. जून ते सप्टेंबर एकसष्ट तास, एकसष्ट वेळा लाल शाईत गैरहजर.

"ही तर यादीत आहे ना सर," अभिमन नाना म्हणाले.

"कोणत्या यादीत?"

नानांनी कागद पुढे केला. 'हजेरी अपुरी असल्याने सत्र नामंजूर. परीक्षेस बसू देऊ नये.' बारा नावं होती. पुनम चौथी. खाली माझी सही होती, आठ दिवसांपूर्वीची, ऐटदार.

"बाकीच्या गैरहजरांचं काय?" मी विचारलं.

"त्यांनी आजारपणाचे दाखले दिले. एकाच डॉक्टरचे, एकाच दिवशीचे. या बारा जणांनी काही दिलं नाही. दाखला कशाला, आम्ही आजारी नव्हतो, म्हणाले. आता अशांना कसं वाचवायचं?"

मी स्कूटर काढली. निघताना चारुलताने विचारलं, "कुठे?"

"असोद्याला. विद्यार्थिनीच्या घरी."

तिने नुसतं हेल्मेट दिलं. पण ज्या पद्धतीने दिलं, ते मला फार लागलं.

असोद्यात कोल्ह्यांचं घर सापडायला वेळ लागला नाही. ओट्यावर पुनमची आजी बेबाबाई कपाशीच्या सरक्या निवडत बसली होती. वडील सुकदेवभाऊ केळीच्या बागेतून नुकतेच आलेले. प्राध्यापक घरी आले म्हटल्यावर खुर्ची आली, पाणी आलं, केळी आली. मी घसा साफ करून म्हणालो, "भाऊ, पुनम कॉलेजला का येत नाही?"

बेबाबाईचे हात थांबले.

"कोन म्हने येत नही? पोरगी रोज साडेसातच्या बसनं जाते. सुटीच्या दिवसाबिगर एक दिस घरी नही राह्यली. ताप होता तरी गेली."

"एकसष्ट दिवसांत एकदाही आली नाही," मी म्हणालो आणि पुरावा म्हणून पटाची झेरॉक्स पुढे केली. संशोधकाने नेहमी पुरावा ठेवावा.

सुकदेवभाऊंनी कागद घेतला. लाल खुणांची ती रांग ते बोट ठेवून वाचत गेले. शेवटपर्यंत. मग कागदाची नीट घडी केली.

"आई, मंग पोरगी रोज कुठी जाते?" त्यांनी हळू आवाजात विचारलं. आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "सर, तुम्ही सांगाले आले, बरं केलं. उद्यापासून बंद करतो तिचं कालेज."

मी खुर्चीत बसल्याजागी गार झालो. मी आलो होतो समितीसाठी एक पुनम न्यायला. हातात केळं होतं, ते खावं की ठेवावं कळेना.

तेवढ्यात पुनम आली. डोक्यावर कपाशीचं गाठोडं, ओढणी कमरेला खोचलेली. मला पाहून तिने गाठोडं खाली ठेवलं.

"तुम्ही दार लावणारे सर ना?"

सव्वीस वर्षांची सेवा, दोन पुस्तकं, सात शोधनिबंध. आणि माझी ओळख ही.

"तू कॉलेजात जात नही म्हने," सुकदेवभाऊ म्हणाले.

"जाते, दादा. भादलीची बस आपल्याकडे साडेसातला येते. त्याच्या आधी बस नाही. कॉलेजात पोहोचायला आठ वाजून पाच होतात. तोवर सर आतून कडी लावतात. पहिल्या आठवड्यात आम्ही दार वाजवलं. सर आतून म्हणाले, 'उद्यापासून वेळेवर या.' उद्यापासून पण बस तीच होती."

मला तो आवाज आठवला. माझाच होता.

"मंग करता काय तिथी?" बेबाबाईने विचारलं.

"जिन्याखाली बसतो, आजी. याच बसने येणारे आम्ही बारा जण आहोत. मी धडा वाचते, मग समजावून सांगते. नाही समजलं तर आमच्यातला कुंदन सीनियर मुलांना विचारून येतो. आमचे साडेचार धडे झाले. सरांचे किती झाले, माहीत नाही."

सरांचे तीन झाले होते. ते मी तिथे सांगितलं नाही, इथे सांगतोय.

सुकदेवभाऊंनी घडी केलेला कागद माझ्याकडे परत दिला. "मंग दार उघडं ठेवा ना सर," ते म्हणाले. त्यांच्या आवाजात राग नव्हता. चौसष्ट प्रश्नांत हा एक प्रश्न मी कुठे विचारला नव्हता, एवढं मला त्या ओट्यावर कळलं. मी हात जोडले आणि पोरगी म्हणते ते सगळं खरं आहे, असं तिच्या आजीसमोर तीनदा सांगितलं. तिसऱ्यांदा सांगितल्यावर बेबाबाईने परत सरक्यांना हात घातला.

आता फक्त जिन्याखालच्या त्या बारा जणांची नावं यादीतून काढायची होती. म्हणजे काहीच काम नव्हतं, असं मला वाटलं.

अभिमन नाना म्हणाले, "विद्यार्थ्याचा अर्ज लागेल. त्यावर विषयशिक्षकाची शिफारस. ती सहभाग समितीच्या संयोजकाकडे जाईल."

"विषयशिक्षक मीच. संयोजकही मीच."

"मग तुम्ही तुम्हाला पत्र लिहा. आवक क्रमांक टाकून देतो. पण परस्पर द्यायचं नाही, प्राचार्यांमार्फत जाईल."

मी मला पत्र लिहिलं. ते मला चार दिवसांनी मिळालं. त्यावर मी अनुकूल अभिप्राय देऊन मलाच कळवलं. मग कागद प्राचार्यांच्या टेबलावर अडकला.

"पुनमचं नाव काढू," खाचणे सर म्हणाले. "मॉडेल आहे ती. बाकीचे अकरा राहू द्या. समितीच्या तोंडावर एकदम बारा नावं काढली तर संशय येतो."

"आणि सर, सात वीसचा तास सव्वाआठला केला तर?"

"समिती जाईपर्यंत वेळापत्रकाला हात लावायचा नाही. आजवर चुकलं होतं, असा त्याचा अर्थ होतो."

पुनमला हे सांगायला मी जिन्याखाली गेलो. जिन्याखाली मोडकी बाकं, निवडणुकीच्या वेळचा एक फळा आणि बारा मुलं. मला बघताच सगळी उठून उभी राहिली. वर्गात माझ्यासाठी एवढ्या चटकन कोणी उठत नाही.

"फक्त माझं?" तिने विचारलं. "मग राहू द्या, सर. परीक्षेला बसले तर बस एकटीनेच पकडावी लागेल."

यावर संयोजकाने काय बोलावं, हे धुळ्याच्या कार्यशाळेत शिकवलं नव्हतं. "साडेचार धडे झाले ना? पाचवा मी घेतो," मी म्हणालो.

त्या दिवसापासून मी सात वीसला वर गच्चीखालच्या वर्गात आठ जणांना शिकवायचो आणि सव्वाआठला जिन्याखाली बारा जणांना. आठवड्याने वरचे आठही खाली आले. खाली मजा येते, म्हणाले. मग भुसावळच्या रेल्वेने येणारे आले. मला साडेअकराला घरी जायला मिळेना. पंखा एकटाच फिरत असेल, असं वाटून दुपारी जीव कासावीस व्हायचा.

समितीच्या दिवशी प्राचार्यांनी पहिल्या मजल्यावर 'सहभाग कक्ष' सजवला. सोफा, रांगोळी, माझा लग्नातला फोटो. पुनमने पावणेनऊला तिथे हजर राहायचं होतं. पण समिती साडेआठलाच आली आणि अध्यक्ष बाई जिना चढता चढता थांबल्या. खालून मुलांचा आवाज येत होता. मागणी आणि पुरवठा यावर जोरदार भांडण चाललं होतं, केळीचा भाव कोण ठरवतं यावरून. बाई मागे फिरून खाली उतरल्या. बाई वाकल्या आणि त्यांना तीस-पस्तीस मुलांच्या मधोमध मोडक्या बाकावर बसलेला मी दिसलो.

"हा कोणता उपक्रम?" बाईंनी विचारलं.

"हेच ते पुनम मॉडेल!" प्राचार्य क्षणाचाही विलंब न लावता म्हणाले. माणूस प्राचार्य उगाच होत नाही.

"छान. मग या मुलांची हजेरी दाखवा."

अभिमन नानांनी पट आणला. बाईंनी पान उलटलं. लाल, लाल, लाल. सगळे माझ्याकडे बघायला लागले. प्राचार्यांनी डोळ्यांनी काहीतरी खूण केली. ती 'सांभाळून घ्या' अशी असावी, पण मी चष्मा पुसत होतो.

"मॅडम, धुळ्यात मी खोटं बोललो," मी म्हणालो. "मॉडेल वगैरे काही नाही. ही मुलं रोज यायची आणि मी दार लावून घ्यायचो. हे सगळं त्यांनी त्यांचं केलंय. मला पुनमचं नावसुद्धा माहीत नव्हतं. अंदाजाने सांगितलं, ते बरोबर निघालं."

प्राचार्यांनी भिंतीचा आधार घेतला.

बाईंनी पट मिटला आणि पुनम कोणती, ते विचारून घेतलं. मग पुनमला म्हणाल्या, "तुम्ही रोज बसत होता, याला पुरावा?"

पुनमने दप्तरातून चाळीस पानी वही काढली. तारीख, कोणता धडा, कोण आलं, कोणाला काय समजलं नाही. जूनपासून. बाईंनी ती उभ्या उभ्या पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचली. मग वही माझ्या हातात दिली.

"या वहीवरून तुमचा पट दुरुस्त करा. आज. मी जाण्याआधी. आणि प्राचार्य, तासाची वेळ बदला."

"हो मॅडम, तोच ठराव आणणार होतो," प्राचार्य म्हणाले.

त्या दुपारी मी ऑफिसात बसलो. नियमाप्रमाणे प्रत्येक लाल खुणेवर काट मारून शेजारी हजर लिहायचं आणि प्रत्येक दुरुस्तीवर पूर्ण सही. बारा मुलं, एकसष्ट दिवस. एक जरी सही सुटली तर पट बाद, असं अभिमन नानांनी बजावून सांगितलं आणि ते समोर खुर्ची टाकून बसले. पुनम वही धरून एकेक तारीख वाचत होती. शंभर सह्यांनंतर माझी सही बदलली. तीनशेनंतर ती वाचता येईना. ऐटदार शेपूट तर केव्हाच गळून पडलं. बोटं सुजली, तेव्हा मी वही न ऐकताच सरळ ओळीने सह्या मारत सुटलो.

"थांबा सर," पुनम म्हणाली.

"काय झालं?"

"चौदा ऑगस्ट. कुंदनवर सही करू नका. त्या दिवशी तो खरंच नव्हता. बागेत केळीची गाडी भरायला गेला होता."

"अगं, एका दिवसाने काय होतं? त्याची टर्म मिळतेच आहे."

"पण नव्हता ना, सर."

अभिमन नानांनी चष्मा काढला, एकदा तिच्याकडे पाहिलं, एकदा कपाटाकडे, आणि पुन्हा घातला. मी पेन वर उचललं. चौदा ऑगस्टला कुंदनसमोरची लाल खूण तशीच ठेवली. त्या पानावर माझ्या हाताने लिहिलेलं तेवढंच काय ते बरोबर होतं.

"पुढचा दिवस सांग," मी म्हणालो.

"सोळा ऑगस्ट," पुनम म्हणाली. "सगळे हजर."